थांब म्हटलं की थांबायचं

मुकादमीण हे नाव तिला नणंदेनं दिलं. लग्न होऊन आठवडा झाला नव्हता, तेव्हा हिनं भरलेला गॅसचा सिलिंडर कडेवर पोर घ्यावं तसा उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवला. नणंद दारात उभी राहून बघत होती. भावाला म्हणाली, "बायको नाही आणलीस रे, मुकादमीण आणलीस." घरात हशा पिकला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढं ती खरोखरीची मुकादमीण झाली तेव्हा नणंद म्हणाली, "बघा, माझ्या जिभेवर तीळ आहे."

बाप खलाशी होता मुकादमिणीचा. जहाजावरचा नव्हे, जड लोखंड दोर-कप्प्यांनी उचलून जागेवर बसवणारा खलाशी. वर घ्यायचं म्हणजे 'हबेस', खाली सोडायचं म्हणजे 'आरिया', हे दोन शब्द ती आई-बाबा म्हणायच्या आधी शिकली असं घरचे सांगत. बापानं तिला डिप्लोमा करायला लावला. तिथून साइटवर. बरीच वर्षं ती दुय्यमच राहिली. उचल कोणाच्या तरी हुकमानं व्हायची, घाम हिचा गळायचा, आणि फोटोत हुकूम देणारा मधोमध उभा असायचा. म्हणून परदेशातल्या पुलाचं काम आलं तेव्हा तिनं सासरी एकच वाक्य सांगितलं, "मी जाते, पण पोरीला घेऊन जाते."

पोर म्हणजे भिंगरी. नाव वेगळं होतं, पण एका जागी उभी राहील तर शपथ, म्हणून भिंगरी. भिंगरीचा बाप पाणीपुरवठ्याच्या पंपावर कामाला. त्याची नोकरी पक्की आणि स्वभाव त्याहून पक्का. तो म्हणाला, "मी तिथं येऊन काय करू? तुझा डबा धरू?"

शेवटी नणंदच निघाली. शाळेच्या ऑफिसातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, भाचीवर जीव टाकणारी बाई. विमानात बसल्यावर म्हणाली, "एका पोरीसाठी दोन बायका सात समुद्र ओलांडतायत आणि बाप्या घरी पाणी सोडत बसलाय. छान आहे."

तिकडं त्यांना नदीजवळच्या गल्लीत वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली घरमालकीण राहायची, शब्दापेक्षा मान जास्त हलवणारी. पोरीचं दप्तर, पोरीचा ताप, शाळेच्या चिठ्ठ्या, केसांतल्या उवा, सगळं नणंदेकडं. मुकादमीण सकाळी जड बूट चढवून जायची आणि परत यायची ती जेवून झोपायला. सकाळचा तेवढा वेळ तिनं हट्टानं ठेवला होता. शाळेत सोडायचं काम तिचं. नदीच्या कडेनं दोघी हात धरून जायच्या आणि साइटच्या कुंपणाशी थांबायच्या.

कुंपणाच्या आत ती महाकाय क्रेन. तिच्या काचेच्या खोपटात एक म्हातारा बसायचा. तो तिथलाच. ना ह्यांची भाषा त्याला, ना त्याची पोरीला. भिंगरीनं त्याला क्रेनआजोबा करून टाकलं होतं. क्रेनचालक वरून सगळं ऐकू शकत नाही, म्हणून खालच्यानं हातांनी खुणा करायच्या असतात, आणि त्या खुणा जगात सगळीकडं जवळजवळ सारख्याच. आईनं घरात खेळता खेळता पोरीला त्या शिकवल्या होत्या. भिंगरी कुंपणाबाहेरून अंगठा वर करायची, की म्हातारा क्रेनच्या दोराचा रिकामा आकडा हातभर वर घ्यायचा. अंगठा खाली, की आकडा खाली. दोन्ही हात डोक्यावर, तळवे समोर, की सगळं जागच्या जागी ठप्प. म्हणजे थांब. मग म्हातारा टोपी काढायचा आणि भिंगरी खिदळत शाळेकडं पळायची.

खरं तर हे नियमात बसत नव्हतं. यंत्र म्हणजे खेळणं नव्हे. मुकादमिणीनं कानाडोळा केला. त्या देशात पोरीशी बोलणारा तेवढा एकच माणूस होता. वर्गात ती अजून मुकीच होती. बाईंनी काय विचारलं ते कळायचं नाही, कळलं तर सांगता यायचं नाही.

आता शेवटचा गर्डर उरला होता. दोन खांबांवर आडवी बसायची ती लांबलचक पोलादी तुळई, नदीच्या ऐन मधोमध. साहेबानं मुकादमिणीला ऑफिसात बोलावलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "ही उचल तुझ्या हुकमानं होईल. नीट बसली, तर पुढच्या देशातल्या पुलाची मुख्य तू. नाही बसली तर तो आहे." तो म्हणजे चष्मा. तिच्याच हुद्द्याचा, तिच्याहून तरुण, जाड भिंगांचा. माणूस वाईट नव्हता. फक्त कायम तिच्या खांद्यामागं उभा असायचा.

उचलीच्या दिवशी सकाळी तिनं सगळ्यांना गोल उभं केलं आणि साइटवरच्या मोडक्यातोडक्या भाषेत नियम सांगितले. शेवटचा नियम बापाचा होता, पण जगभर तोच चालतो. वर-खाली, डावं-उजवं, हे हुकूम फक्त तिचे. पण 'थांब' कोणीही म्हणू शकतो. झाडूवाल्यानं म्हटलं तरी थांबायचं. त्यात तिनं स्वतःचं एक शेपूट जोडलं. ज्यानं थांबवलं त्याच्या तोंडून कारण ऐकल्याशिवाय पुन्हा हलवायचं नाही.

"आणि कारण फालतू असलं तर?" चष्म्यानं विचारलं.

"तरी ऐकायचं," ती म्हणाली.

त्या दिवशी पोरीला शाळेत नणंदेनं सोडलं होतं. निघताना बडबडत होती, "आज मुकादमीणबाईंचं लग्न आहे लोखंडाशी. आपण वऱ्हाडात नाही गं भिंगरे. आपल्याला अक्षता घरूनच टाकायच्यात."

गर्डर उचलला तेव्हा वारा पडलेला होता. चालकानं तो असा अलगद घेतला की खालच्या लाकडी ठोकळ्यांनाही कळलं नसेल. गर्डरच्या दोन्ही टोकांना दोर बांधलेले, ते दोर माणसांनी धरलेले, लोंबतं लोखंड गिरकी घेऊ नये म्हणून. मुकादमीण नदीकाठच्या चौथऱ्यावर उभी, तोंडाशी वॉकीटॉकी. "हबेस," असं ती मनात म्हणायची आणि वॉकीत त्यांच्या भाषेतला शब्द जायचा. गर्डर वर गेला, फिरला, पाण्यावर आला. चौथऱ्यावर वाऱ्याची एक छोटी चक्री लावलेली होती. ती आता जरा जोरात फिरायला लागली. दुपारनंतर वारा उठणार हे ठाऊक होतं. त्याच्या आत बसवायचा, एवढाच सगळा खेळ. ती तोंड उघडून 'आरिया'चा हुकूम देणार, तेवढ्यात क्रेन थांबली.

हुकूम न देता थांबली.

"काय झालं?" तिनं वॉकीत विचारलं.

खोपटातून म्हाताऱ्याचा एकच शब्द आला. थांब. आणि त्याचा हात काचेमागून कुंपणाकडं गेला.

कुंपणापाशी रस्त्यावर बघे जमले होते. त्यांच्या पायांमधून पुढं घुसून भिंगरी उभी होती. पाठीला दप्तर, दोन्ही हात डोक्यावर, तळवे समोर.

 मुकादमिणीला आधी आला तो राग. मग तिला दिसलं की पोरीच्या मागं नणंद नाही. उजवीकडं नाही, डावीकडं नाही.

चष्मा म्हणाला, "पोर आहे. हात हलवतेय. चल पुढं."

हलवत नव्हती. कोणीही परका तेच म्हणाला असता, कारण पोरं क्रेन बघून दोन्ही हात वर करतातच. पण ह्या पोरीचे हात हलत नव्हते, आणि हे त्या साइटवर दोघांनाच कळत होतं. एक आईला, एक खोपटातल्या म्हाताऱ्याला. तो तर आता सुताएवढाही हलणार नव्हता. जीव टांगणीला लागणं म्हणतात ते असं असतं, हे तिला नदीवर लोंबणाऱ्या त्या लोखंडाकडं बघून कळलं.

चौथरा सोडता येत नव्हता. उचल अर्ध्यात असताना मुख्यानं जागा सोडली, तर ती त्या क्षणी मुख्य राहत नाही. तिनं फाटकावरच्या पहारेकऱ्याला वॉकीवर सांगितलं, "तुझी वॉकी त्या मुलीच्या हातात दे. बटण दाबून धर."

वॉकीत खरखर झाली. मग साऱ्या साइटच्या कानात एक बारीक, धापा टाकणारा आवाज आला. मराठी.

"आई, आत्या आलीच नाही. सगळे गेले. बाईंनी दार लावलं. मी एकटी आले. आई, ऐकतेयस ना? आत्या आलीच नाही."

दोर धरलेली माणसं माना वर करून उभी होती. कोणाला एक अक्षर समजलं नव्हतं. साहेब ऑफिसच्या जिन्यावर आला होता.

"काय म्हणते?" चष्म्यानं विचारलं.

ही जागा मोठी वाईट. ती काहीही सांगू शकत होती. दोर अडकलेला दिसला म्हणते, असं सांगितलं असतं तर पोरीचं कौतुक झालं असतं. खेळत होती म्हटलं असतं तर सगळे हसले असते. तिच्या जिभेवर खोटं आलं होतं आणि चवीला ते वाईट नव्हतं. पण सकाळीच तिनं तोंडानं म्हटलं होतं, कारण ऐकायचं. ऐकून ते गिळायचं असं काही म्हटलं नव्हतं.

"माझी मुलगी आहे," ती वॉकीत म्हणाली, सगळ्यांसाठी. "शाळेतून न्यायला कोणी आलं नाही म्हणून एकटी चालत आली. उचलीत दोष नाही. दोष माझ्या घरात आहे."

 मग जिन्यावरून साहेबाचा आवाज आला, "तुला सोडायचंय का? ह्याच्याकडं दे."

चष्म्यानं हात पुढं केला नाही, मागंही घेतला नाही. चक्री फिरत होती. नणंद वेळ चुकवणारी बाई नव्हती. शाळा सुटायच्या आधी जाऊन फाटकाशी उभी राहायची आणि इतर आयांना नावं ठेवायची. ती आली नाही म्हणजे तिला येता आलं नाही. मुकादमिणीला हे लख्ख कळत होतं. आणि हेही कळत होतं की हा गर्डर आज चष्म्यानं बसवला, तर उद्यापासून ती पुन्हा कोणाच्या तरी खांद्यामागं उभी असेल.

तिनं वॉकी तोंडाशी नेली. पहारेकऱ्याला म्हणाली, "मुलीला तुझ्या खोलीत बसव. पाणी दे." मग चष्म्याला, "गाडीवाल्याला माझ्या घरी पाठव. खालच्या घरमालकिणीकडं दुसरी किल्ली आहे. फोन तुझ्याकडं ठेव." आणि मग मराठीत, त्याच वॉकीत, सगळ्यांदेखत, "भिंगरे, मी ऐकलं. हात खाली घे. त्या काकांबरोबर आत बस. मी येते."

"आत्ता?" वॉकीतून आलं.

"हे झालं की."

कुंपणापाशी हात खाली आले. हळूहळू आले. म्हाताऱ्यानं ते बघितलं, मगच त्याच्या खोपटातला लाल दिवा पुन्हा हिरवा झाला.

आरिया.

त्यानंतर जे झालं त्याबद्दल साइटवर पुष्कळ दिवस बोललं गेलं. वारा आला होता. गर्डरचं एक टोक बाहेर जाऊ बघायचं, दोरावरच्या माणसांचे पाय घसरायचे. पण मुकादमिणीचा आवाज एका पट्टीतून दुसरीत गेला नाही. डावीकडं. थोडं. अजून थोडं. थांब. बस. जणू बाळाला अंघोळीच्या पाण्यात सोडतेय.

मधेच तिला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं, चष्मा पाठ करून फोनवर बोलतोय. मग तो वळला. त्याचा चेहरा बदललेला होता. त्यानं तिच्याकडं बघून तळहात उघडला. सांगू?

तिनं मान हलवली. नको.

गर्डर खांबांवरच्या बैठकीत बसला, बोल्ट आत गेले, क्रेनचा दोर ढिला पडला, माणसांनी शिट्ट्या मारल्या. तेव्हा कुठं ती चष्म्याकडं वळली. "आता सांग."

नणंद न्हाणीघरात घसरून पडली होती. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. दाराला आतून कडी. हाका मारून मारून घसा बसला, पण खाली घरमालकीण यंत्रात कपडे धूत होती. गाडीवाल्यानं दार फोडलं. आता ती दवाखान्यात होती.

मुकादमीण पहारेकऱ्याच्या खोलीत गेली. भिंगरी स्टुलावर बसली होती, दप्तर न काढता. ती आईकडं आली नाही.

दवाखान्यात नणंद पांढऱ्या पलंगावर, पाय टांगलेला. चेहरा चुन्यासारखा, जीभ मात्र शाबूत. "आलीस? मला उचलायला क्रेन नाही का आणलीस? तो गाडीवाला बिचारा, त्याची कंबर गेली असेल."

"वन्सं," मुकादमीण म्हणाली. ती पलंगाच्या कडेला बसली.

"बसला का नवरदेव बोहल्यावर?"

"बसला."

"मग रडतेस कशाला?"

"मला मधेच कळलं होतं. म्हणजे, कळू शकलं असतं. तो सांगत होता. मी नको म्हटलं."

नणंदेनं टांगलेल्या पायाकडं बघितलं. तिनं समजूत घातली नाही. म्हणाली, "थंड होती गं फरशी. फार थंड होती." आणि मग, "पोरीला विचार, जेवली का."

भिंगरी खिडकीशी होती. पाठमोरीच म्हणाली, "मी थांब केलं."

"हो. बरोबर केलंस."

"क्रेन थांबली." पोर वळली. "क्रेनआजोबा थांबले. तू नाही थांबलीस."

 लोंबतं लोखंड, वारा, दोरावरची माणसं, सगळं खरं होतं. त्यातलं एकही तिनं पोरीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पोरीला पटलंही असतं, आणि तेच तिला नको होतं. ती जड बुटांनिशी तिच्यासमोर खाली बसली. "नाही थांबले," म्हणाली. भिंगरीनं तिच्या शर्टाची बाही धरली आणि दातांत घेऊन चावली, जोरात, दंडाला लागेल अशी. मुकादमिणीनं दंड काढून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं. आधी त्यानं चांगलं झाडलं. चालक एका पोरीच्या खुणा ओळखतो म्हणजे साइटवर काय चालतं, हे त्यानं विचारलं, आणि तिनं कुंपणावरचा सकाळचा खेळ जसाच्या तसा सांगितला. म्हाताऱ्यावर काही येऊ देऊ नका, म्हणाली. साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाला, असा आवाज मी उभ्या नोकरीत ऐकला नाही. पुढचा पूल तुझा. पण तिथं मुलगी कुंपणाशी दिसता कामा नये. घरची काय ती सोय कर आणि आजच सांग.

चष्मा बाहेर उभा होता. "मी असतो तर सोडून गेलो असतो," तो म्हणाला. टोमणा होता की शाबासकी, तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

नणंद आता कित्येक महिने पाय टेकणार नव्हती. तिला घरी पाठवायचं होतं. भिंगरीला तिच्याबरोबर पाठवायचं, की स्वतःच बाडबिस्तरा गुंडाळून जायचं, की पूल घ्यायचा आणि पोरीच्या गळ्यात किल्ली अडकवायची? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तिनं दवाखान्यातूनच नवऱ्याला फोन लावला. त्याला सगळं कळलेलं होतं. ऐकून घ्यायच्या आधी बोलायला लागला.

"बास झालं आता. या परत. मी तेव्हाच म्हटलं होतं."

"तू म्हटलं होतंस, डबा धरू का."

"मग?"

"मग धर," ती म्हणाली. आवाज तोच होता, चौथऱ्यावरचा. "बिनपगारी रजा टाक आणि ये. पुढचं काम सुरू होईपर्यंत भिंगरीची शाळा इथंच आहे. मी साहेबाला हो म्हणणार आहे. वन्संना तुझी चुलतबहीण न्यायला येतेय. तू आलास तर भिंगरी माझ्याजवळ राहील. नाही आलास तर ती वन्संबरोबर तुझ्याकडं येईल आणि मी एकटी पुढं जाईन. तिसरं काही माझ्याकडं नाही."

"धमकी देतेस?"

"नाही. कारण सांगतेय."

पलीकडं पंपाचा आवाज येत होता, एकसुरी. नणंदेनं डोळे मिटले होते, पण कान टवकारलेले होते. भिंगरी पलंगाखाली चपला जुळवत होती, उजवीच्या जागी डावी.

"लोक काय म्हणतील, बायकोच्या मागं गेला," तो म्हणाला.

"म्हणतील. मलाही म्हणतात."

 त्यानं घसा साफ केला. "मला तिथली भाषा येत नाही."

"भिंगरीलाही येत नव्हती."

"आणि काम काय असेल? सकाळी सोडायचं आणि..." त्याला पुढचं सुचेना. "शाळा सुटते किती वाजता?"

मुकादमिणीनं तोंड उघडलं. गर्डरचं वजन तिला किलोपर्यंत पाठ होतं. वारा किती झाला की उचल बंद करायची, दोर किती ताण सोसतो, झोपेत उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. तिनं फोनवर हात ठेवला आणि नणंदेकडं बघितलं.

नणंदेनं एक डोळा उघडला. "नाही ना माहीत?"

"नाही."

"आण इकडं तो फोन. माझा भाऊ आहे, मी सांगते त्याला कधी सुटते नि कुठं उभं राहायचं. फाटकाच्या डावीकडं उभं राहायचं असतं, उजवीकडून गाड्या येतात."

मुकादमिणीनं फोन दिला नाही. ती पलंगाच्या जवळ सरकली.

"मला सांगा, वन्सं," ती म्हणाली. "सगळं सांगा. त्याला मी सांगते."